उलटी सीट

मनू दोन वर्षं चार महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. लस द्यायला गेलो होतो, डॉक्टरांनी उंची मोजली, ९५ सेंटिमीटर. तक्त्यावर ठिपका काढला तो सगळ्यांत वरच्या रेषेला जवळजवळ चिकटला. वजन १२.६ किलो. "बापावर गेलीय," डॉक्टर माझ्याकडे मान वर करून बघत म्हणाले. मी सहा फूट एक इंच. ताडमाड म्हणून शाळेत शेवटच्या बाकावर बसण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे उंचीचं कौतुक ऐकून मला फार काही वाटत नाही. पण परत येताना मनूला गाडीतल्या तिच्या बालसीटमध्ये बसवलं आणि माझी बायको प्राजक्ता म्हणाली, "अरे, हिचं डोकं बघ कुठं आलंय."

डोकं सीटच्या कवचाच्या वरच्या कडेपर्यंत आलं होतं. जेमतेम दोन बोटं उरली होती.

मनू तोपर्यंत मागे तोंड करून बसायची. म्हणजे गाडी पुढे जाते आणि ती मागच्या काचेतून बाहेर बघते. घरात याला आम्ही 'उलटी सीट' म्हणायचो आणि 'उलटी' या शब्दावर होऊ शकणारे सगळे विनोद माझ्या भावानं पहिल्याच महिन्यात उरकून घेतले होते. दुकानदारानं सीट विकताना सांगितलं होतं, "वर्षभर उलटी ठेवा, मग सुलटी करा, पोरं कंटाळतात." दुसऱ्या दुकानात विचारलं तर दोन वर्षं म्हणाले. सोसायटीतल्या एकानं तर "पाय सीटला टेकायला लागले की फिरवायची" असा स्वतःचा नियम सांगितला. या हिशेबानं मनू दीड वर्षाची असतानाच सीट फिरवायला हवी होती, कारण तिचे पाय तेव्हापासूनच गाडीच्या मागच्या सीटच्या पाठीला टेकत होते.

माझा भोसरीत छोटा वर्कशॉप आहे, जिग-फिक्श्चर बनवतो. एखादा जॉब मशीनवर धरायचा तर कुठे टेकवायचा, कुठे दाबायचा, कुठून सुटू शकतो, हाच दिवसभराचा विचार. पण पोरीच्या सीटची पुस्तिका मी दोन वर्षांत एकदाही नीट वाचली नव्हती. ती त्या रात्री काढली. मिक्सरच्या वॉरंटी कार्डाखाली सापडली.

आमची सीट जुन्या युरोपीय मानकाची, ज्याला आर ४४/०४ म्हणतात. त्यात हिशेब वजनाचा असतो. आमच्या सीटला मागे तोंड करून १३ किलोपर्यंत परवानगी होती, पुढे तोंड करून ९ ते १८ किलो. म्हणजे ४०० ग्रॅम शिल्लक. चार पुरणपोळ्या. उंचीचा आकडा कुठंच नव्हता. फक्त एक चित्र होतं, डोकं कवचाच्या वर आलेलं आणि त्यावर फुली. अमेरिकेत मिळणाऱ्या बऱ्याच सीटच्या पुस्तिकांत डोक्याच्या वर इंचभर कवच शिल्लक हवं असं लिहिलेलं असतं. मी तोच इंच धरला, कारण फुलीपेक्षा इंच मोजता येतो.

मोजायचं कसं तेही सांगतो. मुलाला पट्टे लावून नीट, पाठ टेकवून बसवायचं. शाळेची सपाट पट्टी डोक्यावर आडवी ठेवायची, केस दाबून, आणि तिचं दुसरं टोक कवचाला लावायचं. तिथून कडेपर्यंत मोजायचं. मनूच्या डोक्यावर दोन तुरे बांधलेले असायचे, ते सोडून मोजलं. तीन सेंटिमीटर. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजलं तर पट्टी हलली नव्हती. प्राजक्ताच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा मुलगा मनूपेक्षा दोन सेंटिमीटर बुटका, पण तशाच सीटमध्ये त्याचं डोकं कडेला लागलेलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दारामागं पेन्सिलीनं रेघा मारून मोजतो ती उंची इथं उपयोगाची नाही. मनूची उंची पायांत आहे, त्या पोराची धडात. सीटला बसल्यावरची उंची कळते, उभ्याची नाही.

ही एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

पुस्तिका हातात होतीच म्हणून पट्ट्यांचंही पान उघडलं, आणि तिथं माझी नाचक्की झाली. या सीटमध्ये गाडीचाच पट्टा ओवायचा असतो आणि त्यासाठी बाजूला दोन रंगांच्या खुणा असतात. सीट मागे तोंड करून असेल तर निळ्या खुणेतून, पुढे तोंड करून असेल तर लाल खुणेतून. निळ्यातून मी घेतला होता, त्याबद्दल शाबासकी. पण खांद्याचा पट्टा कवचाच्या पाठीमागून फिरवून घ्यायचा होता आणि मी दोन्ही पट्टे पुढूनच नेऊन खटका लावला होता. दिवसभर लोकांना क्लॅम्पिंग शिकवणारा माणूस. पार्किंगमध्ये टॉर्च लावून रात्री साडेअकराला ते बदललं, गुडघा सीटमध्ये रोवून पट्टा ओढला. पट्टा जातो तिथं धरून सीट हलवली तर एक इंचाच्या आतच हलली पाहिजे असं म्हणतात. आधी ती पाळण्यासारखी झुलायची आणि मला वाटायचं, मऊ आहे म्हणून हलते. वॉचमननं दोनदा येऊन विचारलं, "साहेब, काही हरवलं का?"

आता मुद्दा असा की सीट फिरवून पुढे तोंड करून टाकणं अगदी सोपं होतं. पुस्तिकेत परवानगी होती, दुकानदार तेच सांगत होता, आणि माझी आई तर मनू सहा महिन्यांची असल्यापासून हेच म्हणत होती. "बिचारीचे पाय बघ कसे दुमडलेत. अवघडून जाईल पोर." आईला अपघात दिसत नव्हता, पाय दिसत होते. खरं सांगायचं तर मलाही पायच दिसायचे. अपघातात पाय मोडतील ही भीती मनात होती.

त्या आठवड्यात माझ्या मामेभावाशी व्हिडिओ कॉल झाला. तो स्वीडनमध्ये गोटेन्बर्गला असतो. त्याची मुलगी पावणेचार वर्षांची, आणि अजून उलटीच बसते. तिथं चार वर्षांपर्यंत तसंच बसवतात, बालआरोग्य केंद्रातली नर्सच सांगते. त्यात कुणालाही विशेष वाटत नाही. त्यानंच सांगितलं की ही कल्पना त्यांच्याच गावातली. चाल्मर्स विद्यापीठातले बर्टिल आल्डमन नावाचे प्राध्यापक होते. जेमिनी यानात अंतराळवीर झटका पाठीवर झेलत बसतात ते पाहून त्यांना मुलांसाठी तसं आसन सुचलं, आणि १९६४ साली व्होल्वोच्या गाडीत पहिला नमुना तपासला गेला. "पायांचं काय?" मी विचारलं. तो म्हणाला, "माझी लेक पाय वर करून मागच्या सीटवर ठोकत बसते. पायाचं हाड मोडलं तर प्लास्टर घालता येतं. मानेला घालणार आहेस का?"

मग मी जरा वाचलं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि जड, मानेचे मणके अजून पुरते हाडांचे झालेले नसतात, मधे कूर्चा असते. समोरून धडक बसली की पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचं धड पट्टे धरून ठेवतात आणि डोकं एकटं पुढे झेपावतं. सगळा ताण मानेवर. उलट्या सीटमध्ये डोकं, मान, पाठ सगळं एकदम कवचात दाबलं जातं. फिक्श्चरच्या भाषेत सांगायचं तर जॉब दोन ठिकाणी पकडण्याऐवजी पूर्ण पाठ टेकवून धरलाय. हे मला कुणी भोसरीत सांगितलं असतं तर एका वाक्यात पटलं असतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०११ साली दोन वर्षांपर्यंत उलटं बसवा असं म्हटलं होतं, २०१८ साली वयाची ती रेघच काढून टाकली आणि सीटची मर्यादा येईपर्यंत बसवा असं केलं. आपल्याकडे भारत एनकॅपच्या, म्हणजे गाड्या मुद्दाम धडकवून बघायच्या, चाचण्या २०२३ च्या ऑक्टोबरपासून सुरू झाल्या, त्यात दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांएवढ्या बाहुल्या बसवतात. मी दोनतीन गाड्यांचे अहवाल उघडून बघितले, तर तीन वर्षांची बाहुलीसुद्धा मागे तोंड करूनच बसवलेली. बाहुलीला जे मिळतं ते मनूला का नाही?

आपल्याकडे कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९४ ब आलं, चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसीट नसेल तर एक हजार रुपये दंड. मनूच्या वर्गातली निम्मी मुलं पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बसून शाळेत येतात आणि सिग्नलला पोलीसमामांना टाटा करतात.

नवी सीट घ्यायची ठरलं. नव्या मानकात, आर १२९ मध्ये, हिशेब उंचीचा असतो आणि निदान पंधरा महिन्यांपर्यंत उलटं बसवणं सक्तीचं. पण मला हवी होती ती पुढची मर्यादा. दुकानात गेलो तर विक्रेता कापड, कपहोल्डर, फिरणारा तळ दाखवत होता. मी सीट उलटी करून नारिंगी लेबल वाचत होतो. शेवटी मिळाली, मागे तोंड करून १०५ सेंटिमीटर आणि १८ किलोपर्यंत. डोक्याची उशी वर सरकते आणि तिच्याबरोबर खांद्याचे पट्टेही सरकतात. किंमत तीस हजारांच्या वर. बाबांना आकडा सांगितला नाही. प्राजक्तानं सांगितला.

या सीटला गाडीचा पट्टा नको. मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्सच्या, म्हणजे बालसीट अडकवायच्या, दोन लोखंडी कड्या असतात, त्यात सीटचे दोन दांडे जातात, आणि एक पाय पुढे खाली जमिनीवर टेकतो. दांडे बसले की लाल खूण हिरवी होते. पहिल्यांदा लावली तेव्हा मी सीट गदागदा हलवून बघितली, हलेना, समाधान. प्राजक्ता वाकून म्हणाली, "डावीकडचं लाल आहे." एकाच कडीवर आणि त्या पायावर ती एवढी घट्ट उभी होती. सीटच्या कापडाची घडी दांड्याच्या तोंडाशी अडकलेली. काढली, ढकललं, कट् असा आवाज आला. तेव्हापासून हात न लावता आधी रंग बघायचा असा घरचा नियम आहे.

जागेचा प्रश्न खरा होता. आमची गाडी हॅचबॅक. उलटी सीट आडवी कललेली असली की पुढच्या सीटला भिडते. माझ्यामागे ती बसणं शक्यच नव्हतं, माझे गुडघे डॅशबोर्डमधून पलीकडे गेले असते. डावीकडे, प्राजक्ताच्या मागे लावली. तिथं फुटपाथच्या बाजूनं मनूला चढवता-उतरवताही येतं. तान्ह्या बाळाला जास्त कललेलं लागतं, कारण मान पुढे पडून श्वास अडू नये. मोठ्या मुलाला पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत जरा उभं ठेवता येतं. तसं केल्यावर प्राजक्ताला चार बोटं जागा मिळाली. तरी ती दर वेळी बसताना उसासा टाकते, तो माझ्यासाठी असतो. माझा भाऊ म्हणाला, पुढच्या सीटवरच लाव ना उलटी. पुढे एअरबॅग असते. ती उघडली तर उलट्या सीटच्या पाठीवर, म्हणजे नेमकी मुलाच्या डोक्यामागे आपटते. त्याला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच विनोद न करता गप्प बसला.

पट्ट्यांचं एक सांगायचं राहिलं. उलट्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवरून किंवा किंचित खालून यायला हवेत. पुढे तोंड असेल तर पातळीवरून किंवा वरून. मनू वाढते तशी उशी मी दर दीड-दोन महिन्यांनी एक खाच वर घेतो. पट्टा पुरेसा घट्ट आहे का हे बघायला खांद्यापाशी चिमटीत धरायचा. उभी घडी पकडता आली तर ढिला. मनूला हे इतकं पाठ झालंय की ती स्वतःच "चिमटा घे" म्हणते. डिसेंबरात वाईला जाताना आईनं तिला कापूस भरलेलं जाकीट घातलं होतं, त्यावरून पट्टा घट्ट वाटला. जाकीट काढलं तर मधे माझी मूठ गेली. आता जाकीट काढून पट्टे लावतो आणि वरून उलटं पांघरतो. एप्रिलमध्ये वेगळंच. उन्हात उभ्या गाडीत बकलचं धातू असं तापतं की चटका बसतो. उतरताना सीटवर बाबांचा पंचा टाकून ठेवतो.

वाई हे आमचं गाव. पुण्याहून जायचं तर खंबाटकी घाट आलाच. नव्या सीटमधून पहिल्याच खेपेला मनूनं घाटाच्या तिसऱ्या वळणावर भडाभडा ओकलं. सगळं नव्या कापडावर, पट्ट्यांच्या फटीत, बकलच्या भोकात. आई शेजारीच बसली होती. बोलली काहीच नाही, फक्त माझ्याकडे आरशातून बघितलं. घाट संपल्यावर गाडी कडेला घेतली, पाण्याच्या दोन बाटल्या आणि अख्खा टिश्यूचा खोका संपला. पुस्तिकेत लिहिलं होतं, पट्टे साबणात भिजवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. त्यामुळे पुढचे आठ दिवस गाडीला दह्याचा वास येत होता.

मी तेव्हा डगमगलो. त्या रात्री वाईला सीट फिरवायची असं मनाशी ठरवलंही. मग आठवलं की दिवाळीत भावाच्या गाडीत मनू पुढे तोंड करून बसली होती आणि तेव्हाही शिरवळच्या पुढे ओकली होती. सीटचा दोष नव्हता, दुधाचा होता. आता निघण्याआधी दूध नाही, कोरडी पोळी किंवा मुरमुरे. काचेवरची सावलीची जाळी काढून टाकली, लांबचं दिसलं की कमी मळमळतं. आणि घाटात मी हळू चालवतो, मागचे ट्रकवाले भोंगे वाजवू देत.

आईचं पटवणं मात्र आकड्यांनी झालं नाही. मी तिला हिशेब करून दाखवला होता. गाडी ताशी ५० वर असेल आणि धडकेत एक दशांश सेकंदात थांबली, तर तेरा किलोची मनू हातात सुमारे १८० किलोंएवढी होईल. कोण धरणार? आई म्हणाली, "आम्ही तुला मांडीवर घेऊन महाबळेश्वरला गेलो होतो, तू काय उडून गेलास?" बाबा मात्र ऐकत होते. २०२२ साली पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, मागच्यांनी पट्टे लावले नव्हते हे पेपरात वाचल्यापासून ते मागे बसूनही पट्टा लावतात. ते एवढंच म्हणाले, "अगं, शेजारच्यांचं तान्हं घेतलंस परवा, तर पहिला हात कुठं घातलास?" आई म्हणाली, "मानेखाली, अजून कुठं?" बाबा पेपर वाचायला लागले.

आणि पायांचं उत्तर आईनंच दिलं, नकळत. जेवायला बसलो होतो. आई डायनिंग टेबलच्या खुर्चीवर, नेहमीप्रमाणे दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालून. मनूनं बघितलं आणि म्हणाली, "आजी माझ्या सीटसारखी बसते." मनू उलट्या सीटमध्ये तशीच बसते, मांडी घालून, नाहीतर पाय भिंतीला लावल्यासारखे वर टेकवून, कधी एक पाय कवचाच्या बाहेर सोडून. तिला अवघडतं असं ती कधीच म्हणाली नाही. तक्रार फक्त आईची, की पोरीच्या चपलांचे ठसे मागच्या सीटवर उमटतात. त्यावर आईनंच जुन्या साडीचा तुकडा टाचून दिलाय आणि गाडीत बसल्याबरोबर ती मनूच्या चपला काढून आपल्या पिशवीत ठेवते.

मनूला रस्ता उलटाच माहीत आहे. खेड-शिवापूरचा टोलनाका तिला येताना दिसत नाही, गेल्यावर दिसतो. "गेला टोल," ती ओरडते. आम्हाला वाटतं वाई आली, तिला वाटतं पुणं लांब गेलं.

आता ती तीन वर्षं दोन महिन्यांची आहे. वजन १४ किलो, उंची १०१. उशीच्या दोन खाचा शिल्लक आहेत, म्हणजे डोक्याला अडचण नाही, पण लेबलवरचा आकडा १०५ आहे आणि तो उभ्या उंचीचा आहे. त्याच्यापुढे माझं पायांचं आणि धडाचं गणित चालत नाही. चार सेंटिमीटर. दर महिन्याच्या एक तारखेला मी तिला दारामागं उभी करून पट्टी लावतो. तिला मोठं व्हायचं असतं, ती हळूच चवड्यांवर उठते. मी खाली बसून तिच्या टाचा जमिनीला दाबून धरतो.